दहा मिनिटांत उतरलेला लकवा

रविवारची सकाळ होती. इंदूरच्या छप्पन दुकानवर आमच्या शेजारचे काका पोह्यांची दुसरी प्लेट घेऊन उभे होते. वय अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, आवाज खणखणीत. बोलता बोलता उजव्या हातातला चमचा गळून पडला. तो उचलायला वाकले, तर बोटं वळेनात. काही सांगायला गेले, तर शब्द भलतेच येऊ लागले. त्यांना बाकावर बसवलं. कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं शुगर उतरली असेल, जिलेबीचा तुकडा द्या. आठ-दहा मिनिटांत हात सुटला, बोलणं ताळ्यावर आलं आणि काकांनीच निकाल दिला, "गॅस झाला असणार. रात्री सराफ्यात खाणं जरा जास्तच झालं." आम्ही हसलो आणि घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे काका पलंगावरून उठताना कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

चूक पहाटेची नव्हती, रविवारची होती. ती काकांची एकट्याचीही नव्हती. तिथे आम्ही पाच-सहा शिकलेली माणसं होतो आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती केली. म्हणून हा लेख.

जे दहा मिनिटांत आपोआप उतरतं, त्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा क्षणभर अडतो, अडथळा सरकतो किंवा विरघळतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. बरं वाटतं. पण तो अडथळा जिथून आला ती जागा तशीच असते. जुन्या अभ्यासांत टीआयए झालेल्या शंभरांपैकी साधारण दहा जणांना पुढच्या तीन महिन्यांत पूर्ण लकवा झाला आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच. उलट, ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना वाट पाहायला न लावता लगेच तपासून औषधं सुरू केली, तेव्हा हा धोका सुमारे 80 टक्क्यांनी घटला. लकव्याच्या बाबतीत इतकी स्वस्त संधी दुसरी मिळत नाही. आम्ही ती जिलेबीवर घालवली.

काकांच्या मानेतली डावी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. ही बातमी कॉलनीत पसरली आणि पुढच्याच महिन्यात एका शिबिरात सवलतीच्या दरात "मानेचा डॉपलर", म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, होणार म्हणून रांग लागली. रांगेत पस्तिशीच्या सुना होत्या, योगासनं करणारे आजोबा होते. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ मात्र रांगेत नव्हते. महिन्यापूर्वी त्यांच्या एका डोळ्यापुढे पडदा उतरून पाच मिनिटांत वर गेला होता, आणि त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. मला सांगायचं आहे ते एवढंच, की त्या रांगेत भलतेच लोक उभे होते.

मानेत काय घडतं

कंठमण्याच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा. नाडी लागेल. ती मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, कॅरोटिड. (एका वेळी एकच बाजू, आणि दाबायचं नाही. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर भोवळ येऊन पडाल.) साधारण कंठमण्याच्या वरच्या काठाच्या पातळीवर हिला दोन फाटे फुटतात, एक चेहऱ्याकडे आणि एक मेंदूकडे. नदीला फाटा फुटतो तिथे पाणी घुटमळतं आणि गाळ बसतो, तसंच इथेही. वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल यांमुळे या फाट्यावर चरबी आणि चुन्याचं पुट चढतं. खरी भीती वाट अरुंद होण्याची तेवढी नसते. पुटाला तडा जातो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा कण सुटून वर मेंदूत जाऊन अडकतो. काकांचा चमचा अशाच एका कणाने पाडला होता.

मानेतल्या या फाट्याचा आणि लकव्याचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो कॅनडातले डॉक्टर मिलर फिशर यांनी, 1951 साली. तोवर मेंदूत बिघाड म्हणजे कारणही मेंदूतच असणार असं धरून चालत. फिशर यांचं सगळ्यात उपयोगी निरीक्षण डोळ्याचं होतं. एका डोळ्यापुढे वरून खाली पडदा ओढल्यासारखा अंधार येतो, दोन-पाच मिनिटं राहतो आणि जातो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. डोळ्याची रक्तवाहिनी त्याच बाजूच्या कॅरोटिडची फांदी असल्यामुळे हा निरोप मानेतून आलेला असू शकतो. म्हणून असं झालं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात जा.

मात्र मानेतली रक्तवाहिनी हे लकव्याचं एक कारण आहे, एकमेव नाही. आपल्या लोकांत तर कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतं, आणि मानेवर फिरवलेल्या डॉपलरला कवटीच्या आतलं दिसत नाही. मेंदूच्या खोल भागातल्या केसाएवढ्या नळ्या उच्च रक्तदाबाने झिजून बंद पडतात, त्याही दिसत नाहीत. हृदय अनियमित ठोके द्यायला लागलं की आत रक्त साचून गुठळी होते आणि तीच वर जाते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्यांतही हे होतं. आणि काही लकवे गुठळीचे नसतातच, रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. तेव्हा शिबिरातला "नॉर्मल" रिपोर्ट हातात घेऊन कुणी पुन्हा मिठाचा डबा उघडत असेल, तर त्या रिपोर्टने त्याचं नुकसानच केलं.

तरुणांना लकवा होतो तो वेगळ्या वाटेने. बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत सतत वाढणारी डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा हातापायातली कमजोरी दिसली तर ती थकव्यावर ढकलू नका. मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी धरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि आपल्या देशातल्या डॉक्टरांना ते चांगलंच परिचित आहे. दुसरी वाट सलूनमधून जाते. दाढी झाल्यावर चंपी आणि शेवटी मान धरून "कट्ट" करून मोडणं. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. क्वचित होतं, पण होतं. मी हल्ली खुर्चीत बसतानाच सांगतो, "भिया, मान सोडून."

डॉपलर कुणी करावा

अमेरिकेत रोगप्रतिबंधावर सरकारला आणि डॉक्टरांना सल्ला देणारं तज्ज्ञांचं एक मंडळ आहे. त्याने 2014 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं, की कुठलंही लक्षण नसलेल्या सर्वसाधारण माणसांची सरसकट मानेची तपासणी करू नये. यामागचा हिशेब साधा आहे. लक्षण नसलेल्या लोकांत गंभीर अडथळा शंभरात जेमतेम एखाद्याला असतो. सगळ्यांना तपासलं की खोटे इशारे खऱ्यांपेक्षा जास्त निघतात. मग अँजिओग्राफी, मग ऑपरेशनची चर्चा, आणि त्या ऑपरेशनमध्येच थोड्या लोकांना लकवा होतो. ज्याला टाळायला निघालो तोच.

लक्षण असलेल्यांचं गणित पूर्ण उलटं आहे. 1991 साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. लक्षणं होऊन गेलेल्या आणि 70 ते 99 टक्के अडथळा असलेल्या रुग्णांत, फक्त औषधांवर ठेवलेल्या शंभरांपैकी 26 जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा लकवा झाला. मानेतलं पुट ऑपरेशनने खरवडून काढलेल्यांत हा आकडा 9 होता. लक्षणं नसलेल्यांवरच्या 1995 च्या चाचणीत पाच वर्षांचे आकडे अनुक्रमे 11 आणि 5 होते. फायदा आहे, पण किती लहान आणि किती वर्षांनी, ते पाहा. शिवाय तेव्हापासून औषधं बरीच सुधारली आहेत.

तर डॉपलर कुणासाठी? ज्याला टीआयए किंवा लकवा झाला त्याच्यासाठी, आणि तोही "पुढच्या महिन्यात" नाही, दाखल असतानाच. ज्याच्या डोळ्यापुढे पडदा आला त्याच्यासाठी. ज्याच्या मानेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर डॉक्टरांना सूं-सूं असा आवाज आला त्याच्यासाठी. मानेला कॅन्सरसाठी शेक दिलेल्यांना, पायाच्या रक्तवाहिन्या बंद असलेल्यांना आणि हृदयाच्या बायपासला निघालेल्या काही जणांना डॉक्टर तो सांगतात. बाकीच्यांनी पॅकेजमध्ये फुकट मिळाला तरी हुरळून जाऊ नये.

तपासणी स्वतः अगदी सोपी आहे. उशीवर मान थोडी मागे करून झोपवतात, थंड जेली लावतात, वीस मिनिटं मशीनचा दांडा फिरतो, मध्येच फस्स-फस्स असा आवाज येतो. तो तुमच्याच रक्ताचा. दुखत नाही, किरण नसतात. रिपोर्टमध्ये मात्र घाबरायला भरपूर मजकूर असतो. "आयएमटी वाढलेला" म्हणजे अस्तर जाड झालेलं. पन्नाशीनंतर ते सर्रास दिसतं आणि त्याचं वेगळं ऑपरेशन नसतं. "प्लाक" म्हणजे पुट. महत्त्वाचा आकडा पीएसव्ही, म्हणजे रक्ताचा सर्वाधिक वेग. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाण्याची धार जोरात उडते. अरुंद जागी रक्तही तसंच जोरात धावतं. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात हा वेग सेकंदाला 125 सेंटीमीटरच्या आत असेल तर अडथळा साधारण निम्म्याहून कमी, आणि 230 च्या वर गेला तर 70 टक्के किंवा अधिक, असा ढोबळ हिशेब. आकडा मोठा आला तरी ऑपरेशनसाठी सही करण्याआधी सीटी अँजिओग्राफीने खात्री करून घेतात. पूर्ण, शंभर टक्के बंद झालेली नळी सहसा उघडत नाहीत. हे ऐकून नातेवाईक हताश होतात, पण बंद नळीतून कण सुटायचा धोका कमी झालेला असतो आणि दुसऱ्या बाजूची नळी बऱ्याचदा भार उचलते.

ऑपरेशन ठरलंच, तर लक्षणं होऊन गेलेल्यांत ते दोन आठवड्यांच्या आत करण्यात जास्त फायदा असतो. सर्जनला एक प्रश्न न लाजता विचारा, "तुमच्या हातून अशी किती झाली, आणि त्यात लकवा किंवा मृत्यू किती?" लक्षणं असलेल्यांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आत आणि नसलेल्यांत 3 टक्क्यांच्या आत असावं, असं जगभर धरतात. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही.

खरी तपासणी कुठली

ती घरच्या टेबलावर होते. लकव्याच्या कारणांत उच्च रक्तदाब सगळ्यांच्या वर आहे, गुठळीच्या आणि रक्तस्रावाच्या दोन्ही प्रकारांत. वरचा आकडा दहाने उतरला तर लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च 1944 मध्ये 186/108 होतं. तेव्हा ते उतरवायला धड औषधच नव्हतं. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी 300/190 मोजलं गेलं. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी साधी गोळी जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाला तेव्हा मिळत नव्हती, आणि आपण ती "सवय लागेल" म्हणून मधेच बंद करतो.

मोजायची पद्धत आहे. चहा आणि तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहून ठेवा. घरी सातत्याने 135/85 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. थंडीत आकडा वर सरकतो, म्हणून गराडूच्या दिवसांत जरा जास्त वेळा मोजा. त्याच वेळी मनगटाची नाडी अर्धा मिनिट बघा. ठेका बिघडलेला, कधी दोन जवळ तर कधी एक लांब, असा लागला तर ईसीजी काढा. हृदयाचा तो विशिष्ट अनियमितपणा लकव्याचा धोका सुमारे पाचपट करतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने तो बराच आवरता येतो. डॉपलरची रांग लावण्यापेक्षा हे अर्धं मिनिट मोलाचं आहे.

बीपी वाढवणाऱ्या मिठाबद्दल इंदुरात बोलणं म्हणजे पुण्यात वाड्याच्या पार्किंगबद्दल बोलण्यासारखं आहे, पण बोलावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आपल्या पोह्यांत मीठ असतं, त्यावर शेव, त्यावर जिरावण मसाला, त्यातही काळं मीठ, आणि दुपारी डब्यात पुन्हा नमकीन. पोहे सोडा असं मी म्हणणार नाही. मीच सोडणार नाही. शेव आणि जिरावण वाटीत वेगळं मागा आणि चिमूटभर घ्या. गुटखा आणि पुडीचं मात्र असं मध्यममार्गी काही नसतं, ती सोडावीच लागते.

झालंच तर

चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर धरवत नाही, बोलणं अडखळतं किंवा समजत नाही, एकाएकी तोल जातो किंवा दिसेनासं होतं, यातलं एकही अचानक झालं की 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. उतरलं तरी निघा. पहिल्यांदा घड्याळ बघा. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं ती वेळ लिहा. झोपेतून उठताना लक्षात आलं तर रात्री झोपले ती वेळ सांगा, उठल्याची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी तारेने काढण्याची सोय असेल तर सहा तास, आणि निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही उपयोग होतो. पण प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात, तेव्हा 24 तास आहेत म्हणून अंघोळ उरकून निघू नका.

घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅन झाल्याशिवाय देवालाही वरून दिसत नाही. बीपी वाढलेलं दिसलं तरी जिभेखाली गोळी ठेवून ते घाईने उतरवू नका. पाणी, चहा, जिलेबी काहीही तोंडात नको, गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुफ्फुसात जातं. घरी ग्लुकोमीटर असेल तर शुगर जरूर बघा. आणि हॉस्पिटल निवडताना नावापेक्षा एक प्रश्न विचारा: सीटी आत्ता, या क्षणी चालू आहे का आणि लकव्याचं इंजेक्शन देता का? सरकारी एम.वाय. असो की खासगी, उत्तर "नाही" असेल तर दुसरीकडे. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते कार्ड आधीच काढून ठेवा. अपघात कक्षात उभं राहून अंगठा लावायची वेळ येऊ देऊ नका.

माळव्यात आणखी एक वाट आहे. नीमच जिल्ह्यातली भादवामाता, राजस्थानातलं बुटाटी धाम. लकव्याचे रुग्ण घेऊन लोक तिथे जातात, बावडीच्या पाण्याने स्नान घालतात, सात दिवस फेऱ्या घालतात. मी त्यांना हसत नाही. चालायचा सराव, सोबत आणि आशा, हे तिन्ही लकव्यानंतर लागतंच. काही जण तिथे पूर्ण बरे झालेले दिसतात, कारण चेहऱ्याच्या नसेचा एक लकवा काही आठवड्यांत बहुतेकांचा आपोआप सुधारतो. त्यात डोळा मिटत नाही आणि कपाळालाही आठी पडत नाही. फरक ओळखायचं काम डॉक्टरांचं. मातेच्या दर्शनाला जरूर जा, पण पहिल्या साडेचार तासांत नको. आणि कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे कधीच नको.

काका आता काठी घेऊन नेहरू पार्कात दोन फेऱ्या मारतात. बोलणं निम्मं परतलं आहे. त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे: 108, घराजवळच्या ज्या हॉस्पिटलात चोवीस तास सीटी चालतो त्याचा नंबर, चालू गोळ्यांची नावं, विम्याचं कार्ड ठेवलेल्या कप्प्याची खूण. तसा कागद आज आपल्या घरी लिहा, आणि तो लिहिण्याआधी त्या हॉस्पिटलला एकदा रात्री बारानंतर फोन करून बघा.